दुसऱ्या फळीतले

गाय गार्डनर बोटातली हिरवी अंगठी काढून टाकतो आणि बॅटमॅनसमोर छाती पुढे काढून उभा राहतो. अंगठीच्या जोरावर नको, नुसत्या मुठींनी होऊन जाऊ दे, असा पवित्रा. टीमचा पुढारी कोण, हे त्याला आत्ताच्या आत्ता निकालात काढायचं असतं. पहिल्या अंकापासून हा माणूस सगळ्यांच्या डोक्यात गेलेला आहे. समोरच्याला टाकून बोलतो, बायकांशी आगाऊपणा करतो, रिकामी खुर्ची दिसली की ती अध्यक्षाची आणि म्हणून आपलीच, असं धरून चालतो. बॅटमॅन ठोसा मारतो. एकच. गाय आडवा. ब्लू बीटल हसून हसून बेजार होतो. एका ठोशात, एका ठोशात, एवढंच त्याच्या तोंडून निघत राहतं. टीममधली ब्लॅक कॅनरी नेमकी तेव्हा तिथे नसते. ती येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, आणि इतका सुंदर प्रसंग आपल्याला बघायला मिळाला नाही याचं तिला खरोखरीचं दुःख होतं.

हा प्रसंग १९८७ सालच्या 'जस्टिस लीग' या सुपरहिरोंच्या टीमवरच्या अमेरिकी कॉमिक्स मालिकेच्या पाचव्या अंकातला. या कॉमिक्सचा नाद असलेल्या माणसाला नुसतं 'एक ठोसा' म्हटलं तरी पुरतं, पुढचं तोच सांगू लागतो. गंमत म्हणजे या गाजलेल्या मारामारीत मारामारी जवळजवळ नाहीच. ठोसा चटकन संपतो. खरी जागा दिली आहे ती ठोसा पाहणाऱ्यांना, आणि पाहायचा चुकलेल्यांना.

गेल्या पावसाळ्यात ही मालिका पुन्हा एकदा ओळीने वाचून काढली. तिची ख्याती विनोदी म्हणून आहे आणि ती खोटी नाही. काही पानांवर मी आजही मोठ्याने हसलो. पण साडेतीन दशकांहून जुना विनोद सहसा शिळा होतो, आणि इथलाही बराचसा झालाच आहे. तरी वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. मग टिकलं ते काय, हा प्रश्न उरतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८५-८६ मध्ये डीसी कॉमिक्सने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' नावाची बारा अंकांची मालिका काढून आपल्या सगळ्या विश्वाची घडी मोडली आणि नवी बसवायला घेतली. जुनी जस्टिस लीग तोवर पार डबघाईला आलेली. डेट्रॉइटला मुक्काम हलवलेली, फारसं कोणी न वाचणारी ती टीम शेवटच्या काही अंकांत मोडीत निघाली. व्हाइब आणि स्टील हे दोन तरुण सदस्य त्यात मारले गेले. ते शेवटचे अंक लिहिले होते जे. एम. डिमॅटिस यांनी. म्हणजे पुढे ज्या माणसाने वाचकांना हसवलं, त्याच माणसाने आधीच्या टीमचे अंत्यसंस्कार केले होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नवी टीम काढायची ठरली. संपादक अँडी हेल्फर, कथानक कीथ गिफेनचं. आता जस्टिस लीग म्हटली की सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश अशी सोन्याची नाणी. पण नाणी दुसऱ्यांच्या खिशात होती. सुपरमॅनची नव्याने मांडणी जॉन बर्न करत होता, वंडर वुमनची जॉर्ज पेरेझ, फ्लॅशच्या जागी त्याच्या बायकोचा भाचा आलेला. ज्याचं त्याचं नवं दुकान नुकतंच उघडलं होतं, आणि आपला माल दुसऱ्याच्या दुकानात मांडायला कोणी तयार नव्हतं. बॅटमॅनचे संपादक डेनी ओ'नील यांनी तेवढा हात सैल सोडला. बाकी जे मिळालं ते असं: चार्ल्टन नावाच्या, पुढे बंद पडलेल्या कंपनीकडून विकत घेतलेला ब्लू बीटल. हिरव्या अंगठीतून शक्ती मिळणारा ग्रीन लँटर्न म्हणजे हॅल जॉर्डन, त्याचा बदली म्हणून जन्माला आलेला गाय गार्डनर. सुटकेचे खेळ करणारा मिस्टर मिरॅकल आणि त्याचा ठेंगणा, चिडका मॅनेजर ओबेरॉन. वर्षभरापूर्वीच आलेला, जाहिरातींत काम करणारा बूस्टर गोल्ड. आणि मंगळावरचा जॉन जॉन्झ, जो लीगच्या स्थापनेपासून तिथे आहे पण कोणाच्याच पहिल्या पसंतीचा नाही.

गल्ली क्रिकेटमध्ये दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात आणि शेवटी भिंतीपाशी चार-पाच पोरं उरतात, त्या उरलेल्यांचीच ही टीम. फरक एवढाच की यांना जग वाचवायला पाठवलं गेलं.

एरवी अशा पात्रांना लेखक मोठं करू पाहतो. नवी शक्ती देतो, काळा पोशाख चढवतो, बापाच्या खुनाचा एखादा प्रसंग मागे जोडतो. त्या काळात तर तीच लाट होती. 'द डार्क नाइट रिटर्न्स' १९८६चं, 'वॉचमेन' १९८६-८७चं, दोन्ही त्याच कंपनीचे. सुपरहिरो म्हणजे आतून किडलेला, झोप उडालेला माणूस, ही समज तेव्हापासून रुळली. 'वॉचमेन'मधला नाइट आउल हा ब्लू बीटलवरूनच बेतलेला, हे अनेकांना माहीत असेल. म्हणजे एकाच वर्षी, एकाच कंपनीत, पोट सुटत चाललेल्या, घरात यंत्रांशी खेळणाऱ्या त्याच माणसाच्या दोन आवृत्त्या चालू होत्या. एक तळघरात बसून आपलं काय चुकलं याचा विचार करत होती. दुसरी मित्राला कोपराने ढोसून म्हणत होती, तो बघ आला, आता गंमत बघ. पहिल्या आवृत्तीवर प्रबंध लिहिले गेले. मला तिच्याबद्दल आदर आहे. प्रेम दुसरीवर आहे.

गिफेनची कामाची पद्धत विलक्षण होती. तो कथा लिहून देत नसे, पानंच्या पानं कच्च्या रेखाटनांत मांडून देत असे. कोण कुठे उभा, चौकटी किती, थांबायचं कुठे. संवाद डिमॅटिस लिहायचे, आणि ते लिहिताना गिफेनने सुचवलेलं बाजूला सारून भलतंच काही पात्रांच्या तोंडी घालायचे. मग गिफेन पुढच्या अंकात त्या भलत्याचाच धागा पकडायचा. दोघं एकमेकांना कोड्यात टाकत असल्यासारखं हे लिखाण आहे, आणि पानांवर ते जाणवतं. पात्रं एकमेकांचं बोलणं मध्येच तोडतात, विषय सोडून देतात, तीन चौकटी आधीच्या टोमण्याला आत्ता उत्तर देतात. बॉब लॅपनची अक्षरं त्या गर्दीत कुठेही गुदमरत नाहीत, हे त्या माणसाचं कौशल्य. संवादांचे फुगे इतके, की एखाद्या अंकात खलनायकाला बोलायला जागा उरते की नाही अशी शंका यावी.

आणि चित्रं केव्हिन मॅग्वायरची. त्याचं हे पहिलंच मोठं काम. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ पाहा: अख्खी टीम दाटीवाटीने उभी, कॅमेरा वरून, सगळ्यांनी मान वर करून वाचकाकडे रोखून पाहिलेलं, आणि सर्वांत पुढे गाय गार्डनर, काही अडचण आहे का, असं विचारणारा. या मुखपृष्ठाच्या पुढे इतक्या नकला झाल्या, स्वतः मॅग्वायरनेही केल्या, की मूळ चित्र किती अजब होतं हे विसरायला होतं. कोणी उडत नाही. कोणी मूठ उगारलेली नाही. कसलाही स्फोट नाही. सोसायटीच्या सभेत ऐनवेळी फोटो काढायचा म्हणून उभे केलेले लोक दिसतात तसे हे दिसतात.

त्याआधी सुपरहिरोंना चेहरे नव्हते असं नाही, पण ठराविक होते. राग, निर्धार, वेदना. मॅग्वायरने त्यांना भुवया दिल्या. एक भुवई वर गेलेली, ओठाचा कोपरा खाली ओढलेला, हसू येतंय पण समोर वरिष्ठ आहे म्हणून आत घेतलेले गाल. तीच चौकट, तोच कोन, तीच दोन माणसं सलग चार-सहा वेळा काढायची आणि फक्त चेहऱ्यांत बदल करायचा, हे तो वारंवार करतो. आळशी चित्रकारही तेच करतो, फरक असा की त्याच्या चौकटी झेरॉक्स वाटतात आणि मॅग्वायरच्या चौकटींत वेळ जाताना दिसतो. माणूस आधी ऐकतो, मग त्याला कळतं, मग आपल्याला कळलं हे दाखवायचं की नाही ते ठरवतो. मग उशीर झालेला असतो.

मी ही मालिका पहिल्यांदा वाचली ती अर्थातच तुकड्यातुकड्यांनी. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, फ्लोरा फाउंटनच्या आसपास, परदेशी कॉमिक्सचे सुटे अंक जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्यात सापडायचे. कोणता अंक मिळेल ते नशीब. कथेचा पहिला भाग हाती लागला तर दुसरा कधीच नाही. माझ्या पिढीला त्याआधी सवय होती ती इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळाची. तो एकटा, गुहेत राहणारा, कमी बोलणारा, आणि कधीही न चुकणारा. पिढ्यानपिढ्या मुखवटा तोच, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हा प्रश्नच उद्भवत नसे. त्यानंतर एकदम हे लोक भेटले, जे भाड्यावरून आणि जेवणावरून भांडतात. मागचंपुढचं कळत नसताना मी ते अंक वाचायचो आणि तरीही रमायचो, कारण कथानक तुटलं तरी घरातली कुरबुर कुठूनही ऐकायला लागलं की समजतेच.

आठवा अंक घ्या. तोवर लीगला संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळालेली आहे, नाव 'जस्टिस लीग इंटरनॅशनल' झालेलं आहे, आणि ठिकठिकाणी दूतावास उघडायचे आहेत. अख्खा अंक म्हणजे सामान हलवण्याचा दिवस. खोकी, उघडी तावदानं, न चालणारी यंत्रं, त्यावरून चिडचिड. पॅरिसमध्ये बूस्टर गोल्ड एका कॅफेत बसलेल्या बाईवर छाप पाडायला जातो, यथासांग तोंडावर आपटतो, आणि नंतर कळतं की तीच तिथल्या दूतावासाची प्रमुख, कॅथरीन कोबर्ट. खलनायक नाही, संकट नाही. १९८७ साली महिन्याला एकच अंक मिळणाऱ्या वाचकाला असा अंक देण्यासाठी धाडस लागलं असणार. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत चांगला अंक, ठोशाच्या अंकापेक्षाही.

फायर आणि आइसची भरती तर याहून गमतीची. ब्राझीलची बिअट्रिझ आणि नॉर्वेची टोरा या दोघी 'ग्लोबल गार्डियन्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय टीममध्ये होत्या. संयुक्त राष्ट्रांनी आपलं वजन जस्टिस लीगमागे टाकल्यावर गार्डियन्सचा पैसा बंद झाला. दोघी बेकार. मग एक दिवस त्या सरळ न्यूयॉर्कच्या दूतावासात येतात आणि नोकरी आहे का म्हणून विचारतात. जग वाचवण्याचं कामसुद्धा अनुदानावर चालतं आणि अनुदान गेलं की माणसं रस्त्यावर येतात, हे इतक्या सहज, भाषणाशिवाय सांगणारं दुसरं सुपरहिरो कॉमिक मला माहीत नाही.

ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्ड ही जोडी मालिकेचा प्राण. बूस्टर पंचविसाव्या शतकातला फुटबॉलपटू. सामन्यांवर पैसे लावले म्हणून हाकलला गेला, संग्रहालयात रखवालदार झाला, तिथलीच यंत्रं पळवून भूतकाळात आला, की निदान इथे तरी आपल्याला कोणी मोठं म्हणेल. टेड कॉर्ड, म्हणजे बीटल, हुशार आणि पैशांच्या बाबतीत कायम पडेल. दोघांच्या योजना ऐकताना सुपरशक्तीची आठवणही राहत नाही. कुई कुई कुई नावाच्या बेटावर त्यांनी लीगच्या पैशांतून कॅसिनो काढला तो किस्सा ऐका. मेजर डिझास्टर हा भुरटा खलनायक आपल्या धिप्पाड, मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या साथीदाराला, बिग सरला, घेऊन तिथे जुगार खेळायला येतो. बिग सरला पत्ते मोजता येतात. कॅसिनो बुडतो. आणि कमी होतं म्हणून की काय, बेट स्वतःच जिवंत निघतं आणि चालू लागतं.

या सगळ्या धिंगाण्यात जॉन जॉन्झ. त्याचं पूर्ण जग मेलेलं आहे, बायको-मुलीसकट. हा माणूस बॅटमॅननंतर टीमचा प्रमुख होतो आणि दिवसभर बीटल-बूस्टरच्या तक्रारी ऐकतो. त्याला ओरिओ बिस्किटांचं व्यसन लागतं. विनोद म्हणून हे आलं हे उघड आहे. पण मॅग्वायर त्याला पुडा हातात घेऊन बसलेला काढतो तेव्हा, पृथ्वीवर आपलं म्हणावं असं या माणसाला एवढंच सापडलं, हेही त्यात दिसतं. डिमॅटिसनी १९८८ मध्ये त्याच्यावर वेगळी चार अंकांची गंभीर मालिका लिहिली. ती वाचून मुख्य मालिकेतल्या त्याच्या थकलेल्या नजरेकडे पुन्हा पाहिलं की हसू जरा अडखळतं.

१९९०च्या सुमाराला डेस्पेरो नावाचा राक्षसी खलनायक येतो. तोवर चित्रं अ‍ॅडम ह्यूजच्या हातात गेलेली. डेस्पेरो जिप्सी या मुलीच्या आईवडिलांना मारतो, टीमला अक्षरशः फाडत सुटतो. गाय गार्डनरची सगळी बढाई इथे उतरते, पण तो मागे हटत नाही, हेही इथेच दिसतं. शेवटी जॉन त्याला ताकदीने हरवत नाही. तो त्याच्या मनात शिरून त्याला हवं तेच देतो: आपण जिंकलो, सगळे मेले, सूड पुरा झाला, असा भास. डेस्पेरो त्या तृप्तीत शांत होतो. एवढा अंगावर येणारा शेवट पेलवतो, कारण ज्यांना मार बसतोय त्यांना आपण जेवणावरून भांडताना पाहिलेलं असतं. सुपरहिरोंच्या बाकीच्या कॉमिक्समध्ये जगावर संकट येतं. इथे ओळखीच्या घरावर येतं.

आता न आवडलेलं. बीटल-बूस्टर बायकांकडे पाहून जे चाळे करतात ते आज वाचवत नाहीत. फायर आणि आइसच्या एंट्रीला तर चित्रकार आणि लेखक दोघंही त्या चाळ्यांत सामील आहेत. जपानी डॉक्टर लाइट पहिल्याच अंकात येते, तिच्याकडे शास्त्रज्ञाचं डोकं आहे आणि दणदणीत शक्ती आहे, आणि तिचं करायचं काय हे न सुचल्यासारखं तिला सोडून दिलं जातं. बियालिया नावाचा काल्पनिक देश आणि त्याचा हुकूमशहा हार्यावती म्हणजे अमेरिकी नजरेतून मध्यपूर्वेचा ठोकळा. त्यातला विनोद तेव्हाही स्वस्तच असणार. शीतयुद्धाची उठाठेव मात्र मला अनपेक्षितपणे गोड वाटली. रशियाचा रॉकेट रेड, दिमित्री, लोखंडी चिलखतातला प्रेमळ कुटुंबवत्सल माणूस, अमेरिकेतल्या चैनीच्या वस्तूंनी हरखून जाणारा. मालिका चालू असतानाच त्याचा देश नकाशावरून गेला.

शेवटाकडे मालिका दमली. 'जस्टिस लीग युरोप' ही जोडमालिका १९८९ मध्ये निघाली, तिच्यात एलाँगेटेड मॅन राल्फ आणि त्याची बायको सू यांचे संवाद सुरेख आहेत, पण दोन्हीकडचं सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून येत होतं आणि ते डोकं शिणलेलं दिसतं. १९९१-९२ची 'ब्रेकडाउन्स' ही शेवटची लांबलचक कथा मी याही खेपेला पानं उलटत संपवली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. पुढच्या लेखकांना जेव्हाजेव्हा वाचकाला धक्का द्यायचा असायचा, तेव्हा हात याच पेटीत जायचा. १९९४ मध्ये आइस मारली गेली. २००४ मध्ये 'आयडेंटिटी क्रायसिस'मध्ये राल्फची बायको सू डिबनी, तीही फार वाईट रीतीने. २००५ मध्ये मॅक्सवेल लॉर्डने टेड कॉर्डच्या डोक्यात गोळी घातली. मॅक्स म्हणजे लीग उभी करणारा व्यापारी. लबाड, पैशाला चटावलेला, पहिल्या अंकातला हल्लासुद्धा टीमचं नाव व्हावं म्हणून त्यानेच बेतलेला. पण पाच वर्षांच्या मालिकेत तो या लोकांच्या हळूहळू प्रेमात पडत गेला होता, नाइलाजाने, चिडत-चिडत. नव्या कथेत सांगितलं गेलं की तो मनातून कायम सुपरहिरोंचा द्वेषच करत होता.

टेडच्या मृत्यूच्या या अंकाबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. टेडने तोवर एकट्याने सगळं कटकारस्थान शोधून काढलेलं असतं आणि मोठमोठ्या हिरोंपैकी कोणी त्याचं धड ऐकून घेत नाही. लेखकांना म्हणायचं होतं, बघा, हा विदूषक शेवटी वीर ठरला. अरे, तो विदूषक कधी होता? तो हसत होता, एवढंच. हसणारा माणूस मुळात गंभीर नसतो आणि त्याला मोठं व्हायचं तर मरावं लागतं, हा हिशेब त्या दशकाच्या कॉमिक्सनी फार वेळा मांडला. आणि तरी या मृत्यूंनी वाचक हेलावला, चिडला, अजूनही चिडतो, ते कोणाच्या जिवावर? गिफेन-डिमॅटिस-मॅग्वायरने खुर्च्यांवरून आणि बिस्किटांवरून घालवलेल्या पानांच्या जिवावर. उधारी त्यांची, उधळपट्टी भलत्यांची.

मूळ त्रिकूट २००३ मध्ये परत आलं होतं. 'फॉर्मर्ली नोन अ‍ॅज द जस्टिस लीग' या सहा अंकांत तीच जुनी मंडळी, आता प्रौढ, स्ट्रिप मॉलमध्ये ऑफिस थाटून, टीव्हीवर जाहिरात करून काम मिळवणारी. २००४ मध्ये त्याला विनोदी प्रकाशनाचा आयझनर, कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, मिळाला. पुढचा भाग २००५ मध्ये आला, म्हणजे तिकडे टेडला गोळी लागली त्याच वर्षी इकडे तो बूस्टरशी भांडत होता. त्या दुसऱ्या भागात मंडळी चक्क नरकात पोचतात आणि तिथे त्यांना आइस सापडते, मेलेली टोरा. तिला बाहेर नेता येईल, अट एकच: वाटेत मागे वळून पाहायचं नाही. सगळे चालू लागतात. फायर, जिची ती जिवलग मैत्रीण, मागे पाहते. टोरा नाहीशी होते.

इथे मॅग्वायर काय करतो? तेच, जे त्याने नेहमी केलं. चेहरे काढतो. हसू दाबताना जे गाल आत जायचे, जी भुवई वर चढायची, त्याच स्नायूंनी आता रडू आवरलेलं असतं. विनोदाचा आयझनर मिळवलेल्या पुस्तकाच्या पुढच्याच भागात हे पान आहे, आणि ते कुठल्याच बाजूने परकं वाटत नाही.

कीथ गिफेन ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. त्याच्या फेसबुक खात्यावर त्याचा स्वतःचाच निरोप आला, आधी लिहून ठेवलेला: न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्याला, जायचं टाळण्यासाठी माणूस काहीही करेल, अशा अर्थाचा. सहीखाली जन्म आणि मृत्यूची सालं, आणि त्याखाली बीटल-बूस्टरचं ते प्रसिद्ध, पान दणाणून सोडणारं हसू, ब्वा-हा-हा. मालिकेचे चाहते त्या दिवशी हसावं की रडावं अशा पेचात होते, आणि ते सगळं त्यानेच बेतलेलं होतं.

कोणाला आज सुरुवात करायची असेल तर पहिले सात अंक सलग वाचा, ते एका कथेसारखेच आहेत. मग आठवा, सावकाश. पुढे फायर-आइसची भरती, कॅसिनो, डेस्पेरो. 'ब्रेकडाउन्स' वगळलं तरी कोणी काही म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण 'जस्टिस लीग अमेरिका'चं, म्हणजे पुढे नाव बदललेल्या याच मालिकेचं, चौथं वार्षिक कुठे मिळालं तर सोडू नका. त्यात मेजर डिझास्टर, बिग सर आणि त्यांच्यासारख्याच फुसक्या खलनायकांना, ब्याद टळावी म्हणून, जस्टिस लीगची शाखा काढायला अंटार्क्टिकाला पाठवून दिलेलं आहे. तिथे त्यांच्यावर पेंग्विन हल्ला करतात. माणसं खाणारे पेंग्विन.